आधी न्याहारी, मग फेरी

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी गोव्यातल्या साखळीहून लिहिते आहे. वय 67. मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त. 2009 पासून मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ घेते, शिवाय रक्तदाबाची एक. गेल्या महिन्यात साखरेच्या तपासणीत एचबीएवनसी 6.3 आलं तेव्हा सगळ्यांनी शाबासकी दिली. पण डोक्याचं काही खरं वाटत नाही. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवते आणि गाते. मागच्या एकादशीला तोंडपाठ अभंगाचं दुसरं कडवं आठवेना. बोटं पट्ट्यांवर चालू आणि तोंड बंद. शेजारच्या वहिनींनी ओळ उचलली म्हणून निभावलं. माझ्या आईलाही साखर होती आणि शेवटची काही वर्षं ती आम्हा भावंडांना ओळखत नव्हती. त्यामुळे मी धसकाच घेतला आहे.

पुण्याच्या मुलाने एक व्हिडिओ पाठवला. विसरभोळेपणा म्हणजे मेंदूचा मधुमेह आणि रोज चाललं की तो बरा होतो, असं त्यात सांगतात. सुनेने मनगटावर घड्याळ बांधलं आणि रोज दहा हजार पावलं सांगितली. म्हणून पहाटे साडेपाचला गोळी घेऊन रिकाम्या पोटी निघू लागले. रिकाम्या पोटी जास्त फायदा होतो असं ऐकलं होतं. परवा-तेरवाची गोष्ट, परत येताना दरदरून घाम आला, हात थरथरू लागले. वाट रोजचीच, पण कुठे वळायचं तेच सुचेना. बसस्टॉपवर बसले. सायकलवरून पोदेर (पाववाला) चालला होता, तो थांबून काही विचारत होता. त्याचं नाव माझ्या तोंडात येईना. शेवटी त्याने जवळच्या गाड्यावरून गोड चहा आणून दिला. वीस मिनिटांत सगळं ठीक. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

हीच सुरुवात का? व्यायामाने मेंदू खरंच वाचतो की नुसत्या गप्पा? आणि या वयात उशीर तर झाला नाही ना? गुडघे दुखतात, पावसाळा तोंडावर आहे, कुत्र्यांची भीती वाटते. मिस्टर म्हणतात, देवळात प्रदक्षिणा घालतेस तेवढं पुरे.

एक निवृत्त शिक्षिका, साखळी


उत्तर

बाई,

(शाळेतल्या बाईंना दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.)

पोदेराच्या चहाची हकिकत तुम्ही चार ओळींत उरकलीत. मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. घाम, थरथर, दिशा न सुचणं, ओळखीच्या माणसाचं नाव न येणं, आणि गोड पोटात गेल्यावर वीस मिनिटांत सगळं ताळ्यावर. स्मृतिभ्रंश असा चहाच्या कपाने उतरत नाही. तुमची साखर उतरली होती. त्या वेळी बोटाला सुई टोचून कुणी आकडा पाहिलेला नाही, म्हणून शंभर टक्के म्हणणार नाही. पण तुम्ही केलेलं वर्णन आमच्या पुस्तकातल्या वर्णनाशी इतकं जुळतं की दुसरं कारण शोधायला मी घाई करणार नाही.

झालं कसं ते पाहा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती विचारत नाही. म्हणून ती न्याहारीबरोबर घ्यायची. तुम्ही गोळी घेतलीत, न्याहारी राहिली, आदल्या रात्रीच्या शीत-कढीला आठ-नऊ तास होऊन गेलेले, आणि त्यावर भरभर चाललात. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढतात ते वेगळंच. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा वापरतं तिचा पाचवा हिस्सा त्याला लागतो, आणि पुढच्या वेळेसाठी शिल्लक ठेवायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. साखर 70 च्या खाली गेली की घाम आणि थरथर सुरू होते, 54 च्या खाली गेली की गोंधळ उडतो. मेटफॉर्मिन एकटी असती तर ही वेळ सहसा आली नसती.

हे हलक्यावर घेऊ नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सोळा हजारांहून जास्त वयस्क मधुमेहींच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर इतकी घसरली की इस्पितळ गाठावं लागलं, अशा लोकांत पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं. तुमच्यावर इस्पितळाची पाळी आली नाही, चांगलंच झालं. पण मेंदू वाचवायला म्हणून बाहेर पडायचं आणि त्यालाच उपाशी ठेवायचं, हा व्यवहार तोट्याचा आहे. तेव्हा उद्यापासून रिकाम्या पोटीची फेरी बंद. आधी न्याहारी, मग फेरी. पिशवीत ग्लुकोजची पावडर किंवा साखरेची पुडी ठेवा. असं पुन्हा वाटलं तर जागच्या जागी बसायचं, तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि मग पाव किंवा काही तरी खाऊन घ्यायचं. बिनसाखरेची शीतपेयं इथे काही कामाची नाहीत. आणि घरच्यांना सांगा. तुम्हाला गोंधळल्यासारखं होईल तेव्हा साखर तुमच्या हातात द्यायला कुणाला तरी ठाऊक असायला हवं. दर वेळी पोदेर भेटेलच असं नाही.

आता त्या 6.3 बद्दल. शाबासकी देणाऱ्यांचा मान राखून सांगते, 67 वर्षांच्या बाईचं, ग्लिमेपिराइड चालू असताना 6.3 आलेलं पाहून मला आनंदापेक्षा काळजी वाटते. एचबीएवनसी म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी. सरासरी सुरेख दिसते आणि तिच्या पोटात खाली कोसळलेल्या पहाटा लपलेल्या असतात. साखर जितकी कमी तितका मेंदू सुरक्षित, हे ऐकायला पटतं. ते पडताळूनही पाहिलं गेलं आहे. अ‍ॅकॉर्ड नावाच्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीत एका गटाचं एचबीएवनसी 6 च्या खाली नेण्याचा आटापिटा झाला. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले म्हणून 2008 मध्ये तो कडक उपचार थांबवावा लागला. याच चाचणीतल्या जवळपास तीन हजार लोकांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग 40 महिन्यांनी मोजला, तर कडक गट काही सरस निघाला नाही.

म्हणून साखळीच्या आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि बसस्टॉपचा प्रसंग त्यांना जसा मला लिहिलात तसाच सांगा. ग्लिमेपिराइड कमी करता येईल का, साखर इतकी खाली न नेणारी दुसरी गोळी चालेल का, असं सरळ विचारा. तुमच्या वयात, बाकी प्रकृती बरी असली तर, 7 ते 7.5 च्या आसपास आकडा असला तरी बहुतेक डॉक्टर समाधानी असतात. गोळी मात्र स्वतःच्या मनाने सोडायची नाही.

त्याच फेरीत रक्तातलं बी-12 तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-12 शरीरात नीट शोषलं जात नाही. 'मी तर मासे खाते' असं तुम्ही म्हणाल. खाता ते उत्तमच, श्रावण सोडून बाकीचं वर्ष कामी येतं. पण शोषणच कमी झालं तर ताटात बांगडा असून भागत नाही. बी-12 कमी पडलं की विसरायला होतं, पायांना मुंग्या येतात, आणि दोन्हींचा दोष आपण साखरेला किंवा वयाला देऊन मोकळे होतो. थायरॉइडही बघून घ्या. आणि कानाची तपासणी. हे ऐकून तुम्हाला राग येईल, पेटी वाजवणारीचे कान! पण टाळ-पखवाजाच्या गजरात पुढची ओळ नीट ऐकू आली नाही तर ती उचलता येत नाही, आणि लोकांना वाटतं विसरली. कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत गणलं जातं, आणि आपल्याकडे त्याच्याकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं.

अभंगाचं कडवं अडकलं ते मात्र मी फार मनावर घेणार नाही. शेजारणीने ओळ उचलल्यावर पुढचं तुम्हाला आपोआप आलं ना? म्हणजे ते आत होतं, वेळेवर बाहेर आलं नाही. पैशांचे व्यवहार चुकायला लागले, रोजच्या हुमणाची, म्हणजे माशांच्या आमटीची, कृती मध्येच थांबली, तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला जाऊ लागला, आणि हे तुमच्याआधी घरच्यांच्या लक्षात यायला लागलं, तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) न्यूरोलॉजी विभागात दाखवायचं. तोवर रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेणं बंद करा. शिक्षिकेला हे जड जाईल, माहीत आहे.

आता मूळ प्रश्न. व्यायामाने मेंदू वाचतो का?

आधी साखर मेंदूचं काय करते ते. मेंदूच्या खोल भागात जे पांढरं द्रव्य असतं त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसासारख्या बारीक आणि लांब. तुमच्या भागात कुळागरं आहेत, पाटाचं पाणी कसं जातं ते तुम्ही पाहिलं असेल. पाटात गाळ साचायला लागला की सगळ्यात आधी शेवटची पोफळ सुकते, वरच्या माडाला पत्ताही नसतो. वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब मिळून या बारीक नळ्यांच्या भिंती जाड आणि ताठर करतात. एमआरआयमध्ये तिथे पांढरे डाग दिसतात. माणूस लगेच विसरायला लागत नाही. आधी वेग जातो. हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, चाल मंदावते. शिवाय इन्सुलिनला दाद न देण्याची जी सवय स्नायूंना लागते, तिचे परिणाम मेंदूतही दिसतात. व्हिडिओतला 'मेंदूचा मधुमेह' तिथूनच आला आहे. संशोधक तो विचार मांडतात, पण ते काही निदान नव्हे, आणि चालण्याने तो बरा होतो असं तर कुणीच सिद्ध केलेलं नाही. टाइप टू मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. दीडपट म्हणजे होणारच असं नव्हे. आणि तुमच्या आईच्या काळात ना रक्तदाब असा नियमित मोजला जायचा, ना आजच्यासारखी औषधं होती. त्यांचं झालं ते तुमच्या कपाळी लिहिलेलं आहे असं धरून चालू नका.

व्यायाम इथे दोन-तीन वाटांनी कामाला येतो. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत घेतो. ही गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते. ज्या माणसाचं इन्सुलिन कुचकामी झालं आहे त्याच्यातही ही वाट शाबूत असते. वर, व्यायाम संपल्यावर एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका असं आम्ही सांगतो, ते काही शिस्तीच्या हौसेपोटी नाही. दुसरं म्हणजे रक्तदाब उतरतो, रक्तवाहिन्या लवचीक राहतात, म्हणजे पाट उघडा राहतो. आणि तिसरं, व्यायामाने मेंदूतल्या पेशींची जोपासना करणारी काही प्रथिनं वाढतात. प्राण्यांमध्ये हे ठळक दिसलं आहे, माणसांत त्याचा माग काढणं अजून अवघड जातं.

मग प्रत्यक्ष माणसांत काय दिसलं? 2011 मध्ये 120 वयस्क लोकांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा, हळूहळू वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत चालायला लावलं. स्मरणशक्तीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग त्यांच्यात साधारण दोन टक्के वाढला, नुसतं ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांत तो थोडा आक्रसला. तुमच्या मुलाच्या व्हिडिओत बहुधा हेच असणार. ते लोक मधुमेही नव्हते, आणि संख्या लहान.

मधुमेहींवरचा सगळ्यात मोठा प्रयोग म्हणजे अमेरिकेतला लुक अहेड. 2001 मध्ये सुरू झाला, 5,145 माणसं, सगळी टाइप टू आणि वजन जास्त असलेली. निम्म्यांना आहार सांभाळायला आणि आठवड्याला 175 मिनिटं व्यायामाचं लक्ष्य दिलं. जवळजवळ दहा वर्षं. पुढे त्यांच्यातल्या काहींचे एमआरआय काढले, तर व्यायाम-आहाराच्या गटात ते पांढरे डाग कमी होते. वाचून कुणालाही उडी मारावीशी वाटेल. पण स्मरणशक्तीच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत एकंदर मोठा फरक दिसला नाही. दुसरा लाइफ नावाचा अभ्यास, 70 ते 89 वयाची 1,635 माणसं, दोन वर्षं चालणं आणि ताकदीचे व्यायाम. सगळ्यांची गोळाबेरीज केली तर मेंदूला फायदा दिसला नाही. पण त्यातल्या मधुमेहींचं वेगळं पाहिलं, तर त्यांच्या गुणांत थोडी सुधारणा होती.

या सगळ्यावरून माझं मत असं झालं आहे: व्यायाम मधुमेह्याच्या मेंदूचं नुकसान हळू करतो, आणि त्यातही रक्तवाहिन्यांमुळे होणारं नुकसान जास्त. गेलेलं परत आणण्याचं वचन तो देत नाही. जो कुणी देतो त्याचा व्हिडिओ पुढे पाठवू नका. आणि एकट्या चालण्यावर सगळी भिस्त ठेवणंही बरोबर नाही. फिनलंडमधल्या फिंगर या चाचणीत, 2015 सालची, 60 ते 77 वयाच्या 1,260 लोकांपैकी निम्म्यांना आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा दोन वर्षांत त्यांची कामगिरी दुसऱ्या गटाहून चांगली राहिली. म्हणून तुमची रक्तदाबाची गोळी चुकवून तुम्ही कितीही चाललात तरी मी तुमच्यावर खूश होणार नाही.

उशीर झाला का? लाइफमधली माणसं सत्तरीच्या पुढची होती, आणि तीसुद्धा आधी बसून असणारी. तुम्ही त्यांच्यात सगळ्यात तरुण ठरला असता.

आता कसं करायचं. पहिली गोष्ट, वेळ. न्यूझीलंडमध्ये टाइप टू मधुमेहींना एकदा दिवसातून तीस मिनिटं कधीही चालायला सांगितलं आणि एकदा तेच तीस मिनिटं तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं असं वाटून दिलं. जेवणानंतर चालल्यावर जेवणोत्तर साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्के. आपल्याकडे रात्रीचं जेवण भाताचं, आणि त्यानंतर लगेच टीव्हीसमोर बैठक. तुमच्यासाठी यात आणखी एक फायदा: पोटात अन्न असतं, त्यामुळे साखर कोसळायचा धोका कमी. तरीही गोळी बदलून मिळेपर्यंत फेरीआधी बोटाची साखर बघा. 90 ते 100 च्या खाली असेल तर आधी एखादं केळं किंवा दोन बिस्किटं. लांब चाल झाली त्या दिवशी रात्रीही साखर उतरू शकते, तेव्हा झोपताना एकदा बघून घ्यायला हरकत नाही.

किती जोरात? गाणाऱ्या बाईंना सांगायला हे सोपं आहे. चालताना बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग सहज म्हणता येत असेल तर पाऊल थोडं उचला. बोलतानाच धाप लागली तर कमी करा. आठवड्याला सगळी मिळून 150 मिनिटं झाली म्हणजे पुष्कळ.

दहा हजारांचं ओझं उतरवा. तो आकडा 1965 च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला काढलं तेव्हापासून चालत आला आहे. त्याला वैद्यकीय आधार मागाहून शोधला गेला. ब्रिटनमधल्या 78 हजारांहून जास्त लोकांच्या मनगटावरची यंत्रं तपासणारा अभ्यास 2022 मध्ये आला. त्यात स्मृतिभ्रंशाचं सगळ्यात कमी प्रमाण 9,800 पावलांच्या आसपास होतं हे खरं, पण 3,800 पावलं चालणाऱ्यांतही ते सुमारे पाव हिश्श्याने कमी होतं. चालणारे मुळात ठणठणीत असतात हा भाग त्यात आहेच. सुनेला सांगा, घड्याळ ठेवते, पण सध्या चार हजार.

गुडघ्यांचं. चालण्यापेक्षा मी तुम्हाला खुर्चीचा व्यायाम जास्त आग्रहाने सांगेन. हात छातीशी धरून खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. धप्पकन बसायचं नाही, सगळी गंमत सावकाश खाली येण्यात आहे. मांडीचे स्नायू हे शरीरातलं साखर साठवायचं मोठं कोठार, ते भरदार झाले तर गुडघ्यावरचाही भार कमी होतो. स्वयंपाकघरात ओट्याला हात टेकवून एका पायावर उभं राहायचं, चहा उकळेपर्यंत एक पाय, मग दुसरा. तोल सांभाळायची ही सवय म्हातारपणी पडण्यापासून वाचवते. भिंतीला हात लावून दंड काढायचे. आठवड्यातून दोन-तीन दिवस एवढं पुरे. जिम लावायची गरज नाही, आणि लावायची हौस असेल तर अडवणार नाही.

मात्र जड वजन उचलण्याआधी, किंवा डोकं खाली जाईल अशी आसनं करण्याआधी, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. मधुमेहाने पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नाजूक झाल्या असतील तर जोर लावल्यावर आत रक्तस्राव होऊ शकतो. वर्षातून एकदा ही तपासणी हवीच, मागची कधी झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पावसाळ्याचं काय? जून ते सप्टेंबर आपल्याकडे चालायचं म्हणजे भिजायचं, शेवाळावरून घसरायचं, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून घरातच. तुमच्या घराला बलकांव किंवा लांब पडवी असेल तर तिथे जेवणानंतर दहा मिनिटं फेऱ्या. नसेल तर देवळाच्या सभामंडपात. कुत्र्यांचा प्रश्नही त्याने सुटतो. पाऊस नसेल तेव्हा पहाटेच्या अंधारात निघण्यापेक्षा संध्याकाळी पाच-साडेपाचला वाळवंटी नदीच्या काठाने जा, माणसांची वर्दळ असते. हातात काठी ठेवा. ती मारायला नाही, कुत्र्याने नुसती बघितली तरी काम होतं.

आणि बाई, फुगडी घालता का अजून? धालोचा नाच? विचारते कारण गाणं आठवायचं, ताल धरायचा, पाऊल टाकायचं, शेजारणीचं बघून वळायचं, हे सगळं एका वेळी करायला लागतं, आणि मधुमेहात आधी ढिला पडतो तो हाच दोन कामं एकदम करायचा भाग. फुगडीने स्मृतिभ्रंश टळतो असा अभ्यास कुणी केल्याचं मी सांगत नाही. पण दमसास लागतो, मैत्रिणी भेटतात, आणि एकटीने घड्याळाकडे बघत चालण्यापेक्षा ती जास्त दिवस टिकते, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. गरगर फिरायची फुगडी नको, गुडघ्यांसाठीही नको आणि तोलासाठीही नको. सावकाश चालीच्या घाला. भजनी मंडळ तर अजिबात सोडू नका. कडवं अडकलं म्हणून मागे बसायला लागलात तर उरलेलीही अडकतील. नवीन एखादा अभंग पाठ करायला घ्या, जुने तर बोटांनाच येतात.

राहिलं मिस्टरांचं म्हणणं. प्रदक्षिणा चांगलीच, पण आपल्या देवळांत त्या सावकाश, थांबत-थांबत होतात. अभंग म्हणता येतो, म्हणजे वेग कमी. पाच-सात जास्त घाला आणि पाऊल उचला, मग मी त्या हिशेबात धरीन. दुपारच्या उन्हात मात्र नको. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालायचं, आणि इतक्या वर्षांच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते. फोड आला तरी कळत नाही, संध्याकाळी पाय धुताना दिसतो आणि मग महिनाभर ड्रेसिंग. सकाळी न्याहारीनंतर किंवा तिन्हीसांजेला जा. घरी आल्यावर तळवे आरशात बघा. चालायला जाताना पायमोजे आणि बंद बूट, सपाता नव्हेत.

आणि मिस्टरांनाही बरोबर घ्या. त्यांच्या साखरेबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, त्यावरून मला शंका येते की कधी तपासलेलीच नसावी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के. देशाची सरासरी 11.4 होती. म्हणजे आपल्याकडे चार प्रौढांत एक तरी सापडतो. तुम्ही बी-12 साठी रक्त द्यायला जाल त्या सकाळी त्यांनाही उपाशी पोटी घेऊन जा. तुम्ही स्वतः ग्लिमेपिराइड त्या सकाळी खाऊन झाल्यावरच घ्यायची, तोवर पिशवीत ठेवा, आणि डबाही बरोबर न्या. रक्त देऊन झालं की तिथेच बाकावर बसून खा.